नाथसागरातल्या बेटांवरचे पक्षी: दिवाळीनंतर कधी जावं, कुठं बसावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. समुद्रात भरतीला सुटी पडणारी आणि ओहोटीला काठाला जोडली जाणारी छोटी बेटं असतात. पावसाळा सरून थंडी लागताना तिथले पक्षी पाहायचे तर भरतीचं वेळापत्रक हाताशी ठेवून बसावं, असं तुमच्या वाचनात आलं. ही पद्धत जायकवाडीच्या नाथसागरातल्या बेटांना चालेल का? नोव्हेंबर-डिसेंबरात तिथं कधी जावं, कुठं बसावं, आणि चिखलातले एकसारखे दिसणारे पक्षी ओळखावेत कसे?

पद्धत चालते, घड्याळ मात्र वेगळं लागतं. समुद्रात एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी लांबवर पांगून खातात. पाणी चढू लागलं की जागा कमी होत जाते आणि सगळे उरलेल्या उंचवट्यावर येऊन दाटीवाटीनं बसतात. म्हणून तिथला जाणकार पूर्ण भरतीच्या दोन तास आधी येऊन बसतो आणि पक्षी आपोआप त्याच्या पुढ्यात येतात.

नाथसागरात पाणी दिवसाला नाही, हंगामाला हलतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ते चढतं आणि तिथून पुढं जूनपर्यंत उतरतच राहतं. कालव्यांची आवर्तनं (ठरावीक काळानं शेतीला सोडलं जाणारं पाणी), काठावरचा उपसा आणि बाष्पीभवन या तिन्हींमुळे ते उतरतं. आठ महिने चालणारी एक संथ ओहोटीच म्हणा. त्यामुळे तारखेपेक्षा पातळी महत्त्वाची. धरण पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट असते. रोजचा साठा आणि पातळी जलसंपदा विभाग जाहीर करतो आणि स्थानिक वर्तमानपत्रांतही ती छापून येते. निघण्याआधी निदान आठवडाभराचे आकडे पाहा. आजचा आकडा एकटा फारसं सांगत नाही, आठवड्यात किती उतरलं ते सांगतं.

याचं कारण काठाच्या उतारात आहे. हा जलाशय लांबरुंद पसरलेला आणि उथळ आहे, त्याचा काठ जागोजाग जवळपास सपाट आहे. हजार मीटरला एक मीटर उतार असलेल्या गाळावर पाणी नुसतं १० सेंटिमीटर उतरलं तरी १०० मीटर रुंदीचा नवा ओला पट्टा उघडा पडतो. उतार हजाराला पाच मीटर असेल तर तोच पट्टा २० मीटर भरतो. छोटे चिखलपक्षी याच ताज्या पट्ट्यावर जगतात. गाळातल्या अळ्या आणि किडे वरच्या थरात असतात आणि माती मऊ असेपर्यंतच चोच आत जाते. ऊन लागून वरचा थर घट्ट झाला, त्याला भेगा पडल्या की टिलवे (हेच छोटे चिखलपक्षी) तिथून उठून पाण्याच्या नव्या कडेला जातात. गेल्या खेपेची जागा या खेपेला रिकामी दिसते ती यामुळे. पक्षी गेलेले नसतात, कड पुढं सरकलेली असते.

धरण काठोकाठ भरलेलं वर्ष असेल तर नोव्हेंबरात अनेकांची निराशा होते. पाणी बाभळींच्या बुंध्याशी आणि बेशरमाच्या झुडपांत उभं असतं, चिखल जवळजवळ नसतो. अशा वर्षी बदकं आणि वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी) भरपूर दिसतात, चिखलपक्षी मात्र ओढ्यांच्या तोंडाशी तेवढे सापडतात. तेव्हा सरळ लहान तलाव गाठावेत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर खोदलेले पाझर तलाव मराठवाड्यात गावोगाव आहेत. ते लवकर उतरतात आणि मोठ्या धरणाला चिखल नसतो तेव्हा त्यांना असतो. माजलगाव आणि येलदरीच्या जलाशयांच्या शेपटाकडचा भागही बघण्यासारखा असतो. नजर बसवायला छत्रपती संभाजीनगरातलं सलीम अली सरोवर चांगलं. तिथं वारकरी, पाणकोंबड्या, बगळे आणि पाणकावळे पाहून घेतले की मोठ्या पाण्यावर गोंधळ कमी होतो.

उलट चढणारं पाणीही इथं आहे, आणि ते लक्षात ठेवायला हवं. पाऊस कमी झालेल्या वर्षी, १५ ऑक्टोबरचा साठा पाहून समन्यायी वाटपानुसार (वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटायच्या नियमानुसार) नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडतात. २०२३ साली ते नोव्हेंबरच्या अखेरीस सोडलं गेलं होतं. असं पाणी आलं की आठवड्यांनी उघडी पडलेली कड काही दिवसांत पुन्हा बुडते. पक्षीनिरीक्षणासाठी हे दिवस फार चांगले असतात, कारण भरतीसारखाच परिणाम होतो: पांगलेले पक्षी बेटांवर आणि उंच दांड्यांवर (पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्यांवर) एकवटतात. सुरक्षेच्या दृष्टीनं मात्र हेच दिवस वाईट, कारण सकाळी कोरडी ओलांडलेली घळ संध्याकाळी पाण्याखाली असू शकते.

आता बेटांकडे येऊ. नाथसागरात लहानमोठी सुमारे ३० बेटं आहेत. १९८६ पासून हा सगळा परिसर पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. बेटावर उतरायचं असेल, होडी न्यायची असेल तर वनविभागाची परवानगी लागते. ड्रोन उडवणं तर सोडूनच द्या. पण परवानगी मिळाली तरी या दिवसांत बेटावर उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नदी सुरय आणि पाणभिंगरीची वीण उन्हाळ्यात असते, म्हणून नोव्हेंबरात बेट मोकळंच असतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) पहाटे आणि संध्याकाळी गाळपेरातल्या, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळावर पेरलेल्या, कोवळ्या हरभऱ्यावर, गव्हावर आणि गवतावर चरतात आणि दिवसाचा मोठा भाग बेटावर विसावतात. हे पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाखकडच्या तळ्यांवर वीण आटोपून हिमालय ओलांडून येतात. बेटाभोवती पाणी आहे म्हणून कुत्रा, कोल्हा आणि माणूस तिथं पोचत नाही, एवढ्यासाठीच त्यांनी ती जागा निवडलेली असते.

याच कारणानं बेट आणि काठ यांच्यामधल्या दांड्यावर लक्ष ठेवा. पाणी उतरत गेलं की दांडा उघडा पडतो, त्यावरून आधी कुत्री जातात, मग गुरं, मग माणसं. एकदा ही वाट पडली की कदंब आणि चक्रवाक (नारिंगी रंगाची मोठी बदकं) ती जागा सोडून आतल्या बेटावर जातात. तुम्ही निवडलेलं बेट अजून सुटं आहे का, हे मासे धरणाऱ्यांना विचारावं. ‘मामा, त्या बेटाला पायवाट पडली का?’ एवढं विचारलं की दोन वाक्यांत खरी माहिती मिळते. पाणी कुठं कमरेएवढं आणि कुठं घोट्याएवढं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांच्या जाळ्याच्या खुणा आणि तराफे असतील तिथून लांब बसावं, त्यांचं काम आधी.

बसायचं कुठं, हे ऊन आणि वारा ठरवतात. नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे उत्तर काठावर बसून दक्षिणेकडे पाहिलं तर पाणी चमकतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात, दुर्बीण कितीही महाग असो. शेवगावकडच्या दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिलं तर ऊन पाठीशी राहतं. पैठणच्या अंगाला, पूर्व काठावर, सकाळ उत्तम जाते: सूर्य मागून येतो, आणि थंडीत वारा बहुधा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून असल्यामुळे तोही मागून येतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे अशा जागी त्यांचे चेहरे तुमच्याकडे असतात. संध्याकाळी हे सगळं उलटतं. तेव्हा जलाशयाच्या जमिनीत शिरलेल्या एखाद्या फाट्याच्या पश्चिम काठावर बसून पूर्वेकडे पाहावं. त्या वेळी चेहरे कमी आणि शेपट्या जास्त दिसतील, तरी उजेड चांगला असणं अधिक मोलाचं. सोनेवाडी, पिंपळवाडी, आणि प्रवरा गोदावरीला मिळते तिथला कायगाव टोका हे नेहमीचे भाग आहेत. पण ठिकाणाच्या नावापेक्षा त्या दिवशी कोणत्या फाट्याला ओली कड आहे ते पाहून जागा निवडा. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही.

वारा जोराचा असेल तर आणखी दोन गोष्टी घडतात. बदकांचे थवे बेटाच्या आडोशाला सरकतात, म्हणजे वारा ईशान्येचा असेल तर बेटाच्या नैर्ऋत्येला. आणि वारा ज्या काठाकडून सुटतो तिथलं उथळ पाणी थोडं मागे हटतं. सपाट गाळावर तेवढ्यानंही ओला पट्टा रुंदावतो.

वेळेचं गणित असं. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढं उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं असावं, चालत येताना उजाडलेलं नसावं. पहिले तीन तास खरे. साडेनऊ-दहानंतर गाळावरून गरम हवा उठू लागते आणि लांबचे पक्षी थरथरताना दिसतात. त्या वेळी टेलिस्कोप ६० पटींवर नेणं व्यर्थ, २५ ते ३० पटींवर ठेवा आणि शक्य तर थोड्या उंच बांधावर चढा, कारण जमिनीलगत लहर सर्वांत जास्त असते. दुपारी करकोचे शेतांतून पाण्यावर येतात, तेवढं सोडलं तर विश्रांती घ्यावी. साडेचारपासून पुन्हा बसावं. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि करकोचे उथळ पाण्यात रात्रीसाठी उतरतात ते त्याच्या आगेमागे.

सामान फार लागत नाही. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. १० पटींची हातात हलते आणि थंडीत बोटं गारठली की जास्तच हलते. बेटं लांब आहेत म्हणून गटात निदान एक टेलिस्कोप आणि न हलणारा स्टँड हवा. स्टँडचे पाय पूर्ण उघडू नका, बसून पाहता येईल इतकेच ठेवा. वाऱ्यात तो स्थिर राहतो आणि तुमची आकृतीही आभाळावर उमटत नाही. मातकट रंगाचे कपडे, पाठीला टेकता येईल अशी छोटी बैठक, पाणी, आणि पाच फुटांची एक मजबूत काठी.

काठी चिखलासाठी आहे. नाथसागराचा गाळ काळ्या चिकण मातीचा आहे. वरचा थर वाळून फुटलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. गुरांच्या खुरांचे ठसे उथळ आणि कोरडे असतील तिथंच पाय टाका. ठसे खोल असून त्यांत पाणी साचलेलं असेल तर मागे फिरा. गडद, तकतकीत, एकही ठसा नसलेला पट्टा तर टाळाच. काठी दाबून पाहा, वीतभर सहज गेली की थांबा. पाय अडकलाच तर जोरानं वर ओढू नका, त्यानं दुसरा पाय आणखी आत जातो. मागे रेलून बसा, वजन पसरवा, अडकलेला पाय आतल्या आत हलवून भोवती पाणी आणि हवा शिरू द्या, मग हळूहळू काढा. सोबत्यानं जवळ न येता काठीचं टोक द्यावं. एकट्यानं ओल्या गाळावर जाऊच नये.

जवळ जाताना पक्ष्यांकडे नाक करून सरळ चालू नका. तिरकं चाला, पंधरा-वीस पावलांवर थांबा, खाली बसा. पक्षी कसे वागतात ते पाहा: आधी चरणं थांबतं आणि माना वर होतात, मग ते चालत दूर सरकतात, मग पंख झटकतात आणि उठतात. माना वर झाल्या की तिथंच थांबायचं, पुढची पायरी येऊ द्यायची नाही. कदंबांपासून २०० मीटर तरी सोडा. टिलवे त्यापेक्षा खूप जवळ येऊ देतात, किंबहुना तुम्ही हलला नाहीत तर स्वतःच पुढ्यात येतात. पहिला इशारा बहुधा टिटवी किंवा चक्रवाक देतात. यांपैकी कुणी ओरडलं की सगळा काठ सावध होतो, मग दहा मिनिटं नुसतं बसून राहावं. तुम्ही न हलता सगळा थवा एकदम उठला तर तो वर आभाळात बघण्याचा क्षण आहे: शिकारी पक्ष्यांपैकी दलदल भोवत्या खालून तरंगत येतो, बहिरी ससाणा उंचावरून.

ओळखीत लोक सर्वांत जास्त अडतात ते बदकांवर. पुस्तकातलं चित्र नटलेल्या नराचं असतं. नोव्हेंबरात बरेच नर अजून मादीसारख्याच तपकिरी पिसांत असतात आणि भुवई बदकाचा नर तर हिवाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत तसाच राहतो. तेव्हा रंग सोडून आकार पाहा. थापट्याची चोच डोक्यापेक्षा मोठी आणि पुढं पसरलेली. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक, चोच राखाडी. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर फिकट आणि गडद पट्टे, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. त्याच्याच मापाच्या चक्रांगाचा चेहरा साधा असतो आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ दिसते. मलीन बदक उडालं की पंखाच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन चमकतो.

चिखलपक्ष्यांत आधी ते कुठं उभे आहेत ते पाहा, कारण पायांची लांबी जागा ठरवते. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून चोच मुळापर्यंत खुपसणारा तो काळ्या शेपटीचा पाणटिवळा. लांब गुलाबी पायांवर पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपणारा शेकाट्या. पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या गाळावर लगबगीनं पळणारा चिमुकला तो छोटा टिलवा, वजन २० ते ३० ग्रॅम, आला थेट आर्क्टिकच्या काठावरून. त्याचे पाय काळे. टेमिंकचा टिलवा तेवढाच, पण पाय पिवळसर, अंग एकरंगी, आणि तो थव्यापासून जरा बाजूला, गवताच्या कडेला दबकत चरतो. ओला चिखल लागला की सगळेच पाय काळे दिसतात, म्हणून पायांच्या रंगासोबत चाल नेहमी पाहावी.

चिखल्यांत कंठेरी चिखल्याला डोळ्याभोवती पिवळं कडं आणि गळ्यात पूर्ण पट्टा, केंटिश चिखल्याचा पट्टा पुढं तुटलेला आणि पाय काळे. ठिपकेदार तुतवाराची भुवई लांब, पंखाची खालची बाजू फिकट. हिरव्या तुतवाराच्या पंखाखाली काळं आणि उडताना कमरेवर ठळक पांढरं. साधा तुतवार मागचं अंग सतत वरखाली हलवतो आणि छातीच्या बाजूनं खांद्यापुढं पांढरी पाचर वर चढलेली दिसते. हिरव्या पायाच्या टिलव्याची चोच जाड आणि किंचित वर वळलेली, दलदली टिलव्याची सुईसारखी सरळ. रफ नावाच्या चिखलपक्ष्यानं फसू नका: नर मादीहून बराच मोठा असतो, म्हणून एकाच थव्यात दोन मापं दिसली तरी जात एकच असू शकते.

रोहित (फ्लेमिंगो) केव्हा येतील, असं हमखास विचारलं जातं. त्यांना पसरट उथळ पाणी लागतं, म्हणून भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात किंवा कमी थांबतात. फक्त त्यांच्यासाठी नोव्हेंबरात येऊ नका.

मोजणी करायची असेल तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा, मग तो तुकडा थव्यावरून एकाच दिशेनं सरकवत न्या. मोठ्या थव्याला पन्नासाचा तुकडा घ्या. दोघांनी स्वतंत्र मोजावं आणि आकडे नंतरच सांगावेत. फार तफावत आली तर पुन्हा मोजा. नाव न पटलेले पक्षी ‘टिलवे, जात अनिश्चित’ असेच लिहा, जबरदस्तीनं नाव लावू नका. १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहता येतात, पण त्यासाठी जागा, वेळ आणि मोजण्याची रीत तीच ठेवायला हवी.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेऱ्यात त्या दिवशीची पातळी फुटांत लिहा, आणि दांडा उघडा होता की बुडालेला तेही. कदंबाच्या मानेत किंवा टिलव्याच्या पायात रंगीत पट्टा दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरं आणि आकडे, तसंच पट्टा कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली, हे जागेवरच टिपून घ्या, धूसर का होईना फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. अक्षर अर्धवट वाचलं गेलं असेल तर तेवढंच लिहा, उरलेलं अंदाजानं भरू नका.